निळा उजेड : एका घरगुती दिव्याची हकिगत

डॉक्टरांना छंद असावा काय, आणि असल्यास कोणता असावा, हा विषय आपल्या मंडळींच्या स्नेहसंमेलनात हमखास निघतो. हुबळी-धारवाडच्या मातीतच गाणे असल्यामुळे कोणी तानपुरा जवळ करतो, कोणी हार्मोनियम. कोणी पहाटे उणकल तलावाच्या काठी फिरावयास जातो, तर कोणी नाटकात रंगतो. माझा छंद यांपैकी कशातच बसत नाही. समुद्रापासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंच असलेल्या या पठारावर, घराच्या दिवाणखान्यात समुद्राचा एक लहानसा तुकडा जिवंत ठेवण्याचा खटाटोप मी गेली काही वर्षे करीत आहे. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशी काचेची टाकी. तिच्यात सुमारे ८० लिटर खारे पाणी, थोडे सच्छिद्र खडक, दोन क्लाऊन मासे आणि काही मऊ प्रवाळ, एवढाच हा संसार.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा नवजात बालकांच्या काविळीवर लिहावे अशी त्यांची सूचना होती. मी मात्र या टाकीवर टांगण्यासाठी घरी तयार केलेल्या दिव्याविषयी लिहिण्याचे मनात योजले. लिहावयास बसलो आणि लक्षात आले की, कावीळ टाळून या दिव्याची हकिगत सांगताच येणार नाही. तेव्हा संपादकांचेही समाधान व्हावे, अशी आशा आहे.

नेत्राणीच्या पाण्यात

या वेडाचे बीज पडले ते नेत्राणी बेटाजवळ. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून होडीने सुमारे वीस किलोमीटर आत गेले की हे बेट लागते. मुलाच्या आग्रहाखातर मी पाठीवर हवेची टाकी बांधून तेथे पाण्यात उतरलो. मुलाच्या अंगात लालभडक सदरा होता. सात-आठ मीटर खाली गेल्यावर तो सदरा मला मळकट तपकिरी दिसू लागला. सोबतच्या प्रशिक्षकाने विजेरीचा झोत टाकताच क्षणार्धात तो पुन्हा लाल झाला. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. खोलवर पोहोचतो तो मुख्यतः निळा प्रकाश. पुस्तकात वाचलेले हे वाक्य त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

आणि त्याच निळ्या उजेडात प्रवाळ जगत होते. प्रवाळ हा वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. परंतु त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाले राहतात. ही शैवाले प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा आणि नत्रयुक्त द्रव्ये पुरवितो. शैवालांतील हरितद्रव्य आणि पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्य निळा प्रकाश उत्तम रीतीने टिपतात. पाणी तापले किंवा प्रकाश अतिरेकी झाला की हे सख्य मोडते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असे आघात सोसले. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथी व्यापक प्रवाळ-पांढरेपणाची घटना जाहीर केली, आणि त्या वर्षीही लक्षद्वीप त्यातून सुटले नाही.

आपल्या मराठी मनाला प्रवाळ म्हटले की बोटातील पोवळे आठवते. पण मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले ते तेथील सागरी जीवांच्या वैभवामुळे, आणि त्यात प्रवाळही आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक दूर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण प्रवाळमय पठार आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरवर असून तेथील स्वच्छ पाण्यातून सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. सारांश, प्रवाळाचे भवितव्य हे प्रकाशाच्या हिशोबावर ठरते. माझ्या टाकीतही तेच होणार होते.

काय ठेवावे, काय ठेवू नये

दिव्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान वाघाच्या पंक्तीत आहे. असे असूनही एका विक्रेत्याने कठीण प्रवाळाचा सुंदर जांभळा तुकडा माझ्यापुढे ठेवला होता. "डॉक्टर, कोण पाहतंय?" असे त्याचे म्हणणे. मी तो घेतला नाही. यात फुशारकी नाही. ज्या बेटाने मला वेड लावले त्याच्याच भिंतीतून काढलेला चिरा घरी आणून पूजेला ठेवण्यासारखे ते झाले असते. माझ्या टाकीतील मऊ प्रवाळ दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्या कलमांपासून आलेले आहेत, आणि मासे कृत्रिम पैदाशीचे आहेत. क्लाऊन माशांची बंदिस्त पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेही साध्य केलेली आहे.

डॉक्टर म्हणून आणखी एक सूचना. झोअँथिड जातीच्या प्रवाळसदृश जीवांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. असे जीव चिकटलेला खडक कधीही उकळू नये. त्याच्या वाफेने किंवा तुषारांनी घरातील माणसांना श्वासाचा गंभीर त्रास झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी त्यांना स्पर्श करीत नाही.

दिव्याची बांधणी

पूर्वी अशा टाक्यांवर मेटल हॅलाइडचे दिवे असत. ते वीज खात, पाणी तापवीत आणि बाष्पीभवन वाढवीत. तेजस्वी निळा एलईडी आल्यावर चित्र पालटले. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तयार आयात दिव्याची किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी जो कटाक्ष टाकला, त्याने दिवा घरीच बनविण्याचा निर्णय पक्का झाला.

सामग्री साधी होती. पंखे असलेली ॲल्युमिनियमची ४० सेंटिमीटर लांब उष्णताशोषक पट्टी, तीन वॅटचे २४ एलईडी (बारा ४५० नॅनोमीटरचे गडद निळे आणि बारा शुभ्र), ७०० मिलिॲम्पिअर स्थिर प्रवाह देणारे व प्रकाश कमी-जास्त करता येणारे दोन ड्रायव्हर, उष्णतावाहक लेप, बारा व्होल्टचा छोटा पंखा आणि तीन मिलिमीटर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा. पट्टी हुबळीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडून कापून व भोके पाडून घेतली. सोल्डरिंग मी स्वतः केले. नवजात बालकाच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालणारा हात येथे मात्र पहिले दोन दिवस थरथरला, हे कबूल केले पाहिजे.

हिशोब असा. अशा एका एलईडीला सुमारे ३.३ व्होल्ट लागतात. बारा एकापुढे एक जोडले की ४० व्होल्ट होतात. निळ्यांची एक माळ, शुभ्रांची दुसरी, आणि प्रत्येक माळेला स्वतंत्र ड्रायव्हर. एकाच ड्रायव्हरवर दोन माळा समांतर जोडण्याचा मोह मी टाळला. कारण त्यांतील एक माळ किंचित अधिक प्रवाह ओढते, त्यामुळे अधिक तापते, आणि तापल्यामुळे आणखी प्रवाह ओढते. हे दुष्टचक्र वैद्यकाला परिचित आहे. पूर्ण क्षमतेने हा दिवा सुमारे ५५ वॅट वीज घेतो. रोज नऊ तास लावला तरी दिवसाला अर्धा युनिट.

खारे पाणी आणि वीज यांचे वैर आहे. पाण्याच्या तुषारांतील मीठ सर्वत्र चढते. म्हणून एलईडीखाली ॲक्रिलिकचे आवरण, प्रत्येक तारेला प्लगच्या पातळीखाली येणारा झोळ, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता झोळावरून जमिनीवर टपकेल, योग्य अर्थिंग, आणि ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी. या चार गोष्टींत काटकसर करणाऱ्याने हा छंद करू नये.

डोळ्याने दिलेला दगा

एका रविवारी दिवा टाकीवर पाण्यापासून वीस सेंटिमीटर उंचीवर टांगला. शुभ्र माळ लखलखली, पण निळी माळ मला मिणमिणती वाटली. समुद्राचा तो निळा उजेड यावा म्हणून मी निळ्या माळेचा प्रवाह शंभर टक्क्यांवर नेला आणि समाधानाने ओपीडीला निघून गेलो. तिसऱ्या दिवशी झोअँथिड मिटले ते उघडेनात. पाचव्या दिवशी चामडी प्रवाळाच्या माथ्यावर पांढरा डाग उमटला. आठवड्याच्या आत एक चामडी प्रवाळ विरघळून गेला. पाणी तपासले, क्षारता, तापमान, अमोनिया सारे ठीक. मला कारण उमगेना.

त्याच सुमारास माझ्या दवाखान्यातील फोटोथेरपीच्या यंत्रांची तपासणी करण्यासाठी एक जाणते तंत्रज्ञ आले होते. त्यांना ही कथा सांगितली. त्यांनी हातातील रेडिओमीटर टेबलावर ठेवला आणि आमच्या भागातील कानडीत शांतपणे म्हणाले, "सर, कण्णिगे काणोदु ब्यारे, मीटरिगे काणोदु ब्यारे." डोळ्याला दिसते ते वेगळे, मीटरला दिसते ते वेगळे.

मी चपापलो. कारण हा धडा मी पंचवीस वर्षांपूर्वी एका बाळाच्या जिवावर शिकलो होतो, आणि तो विसरलो होतो.

एक जुनी रात्र

एमडी होऊन फार काळ लोटला नव्हता. मी एका लहान नर्सिंग होममध्ये काम करीत होतो. तेथील फोटोथेरपीच्या यंत्रात सहा निळ्या नळ्या होत्या. त्या निळ्या उजेडात काम करून परिचारिकांचे डोके दुखे, मळमळे, आणि बाळाचा खरा रंगही कळत नसे. त्यांची तक्रार रास्त होती. चार नळ्या बदलण्याची वेळ आली तेव्हा बाजारातून साध्या पांढऱ्या ट्यूब आणून बसविण्यात आल्या. त्याला संमती माझीच होती. खोली उजळून निघाली; सर्वांनाच बरे वाटले.

पुढे पावसाळ्यात एक बाळ दाखल झाले. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. साठाव्या तासाला बिलिरुबिन १७.५. मी बाळाला त्या झगझगीत उजेडाखाली ठेवले आणि आईवडिलांना निर्धास्त केले. बारा तासांनी आकडा २१.८ होता, आणि बाळ दूध ओढण्यात मंद झाले होते. त्या रात्री भर पावसात बाळाला मोठ्या रुग्णालयात नेले, ओ गटाचे रक्त मिळविले आणि पहाटेपर्यंत रक्तबदल झाला. मी शेजारी उभा होतो. वडील मला एवढेच विचारीत होते, "डॉक्टर, दिवा तर चालू होता ना?"

दिवा चालू होता. परंतु बिलिरुबिन प्रकाश टिपते तो ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा, निळा; आणि माझ्या त्या झगझगीत पांढऱ्या नळ्यांत तो भाग थोडाच होता. उरलेल्या दोन निळ्या नळ्या किती तास जळल्या होत्या, याची नोंद कोणी ठेवलेली नव्हती. नळी विझण्याच्या फार आधी तिचा उपयोग संपतो, हे मला ठाऊक असूनही मी विचारले नव्हते. बाळ वाचले. चौथ्या महिन्यात श्रवणाची बेरा चाचणी झाली आणि ती सामान्य निघाली. तो कागद हाती येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक. त्या वडिलांना मी पुढे खरे कारण सांगितले. त्यांनी रागावावे अशी माझी अपेक्षा होती, त्यांनी केवळ "आता त्या नळ्या बदलल्या का?" असे विचारले.

तेथे पांढरा उजेड जास्त दिसला म्हणून मी त्याला उपचार समजलो. येथे निळा उजेड कमी दिसला म्हणून मी त्याला दुर्बळ समजलो. दोन्ही वेळा न्यायाधीश माझा डोळा होता. मानवी डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला. ४५० नॅनोमीटरला त्याची संवेदनक्षमता जेमतेम पंचविसाव्या हिश्श्याची असते. लक्समीटरही डोळ्याच्याच मापाने घडविलेला असल्यामुळे तोही याच फसगतीत सामील होतो.

मोजमाप

मग मी शिस्तीने मोजावयास बसलो. धारवाडच्या कृषी विज्ञान विश्वविद्यापीठातील एका परिचित प्राध्यापकांकडे पिकांना मिळणारा उपयुक्त प्रकाश मोजण्याचे यंत्र होते. ते डोळ्याच्या आवडीनिवडी न पाहता ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण मोजते. दिवा टाकीबाहेर लाकडी चौकटीवर टांगून, प्रवाळ ज्या अंतरावर असतात त्या अंतरांवर आम्ही आकडे घेतले. पाण्यामुळे आकड्यांत फरक पडतो हे खरे, पण अंदाज पुरेसा येतो. दिव्याच्या मध्याखाली, वरच्या खडकाच्या उंचीवर आकडा चारशेच्या पुढे निघाला, म्हणजे प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद चारशे मायक्रोमोल. मऊ प्रवाळांना साधारण पन्नास ते दीडशे पुरे होतात. मी त्यांना चैत्रातल्या दुपारी भर उन्हात उभे केले होते.

दिवा तीस सेंटिमीटरवर उचलला. दोन्ही माळा चाळीस टक्क्यांवर आणल्या. प्रथम दिवसाला सहाच तास प्रकाश दिला आणि नंतर आठवड्याला थोडे थोडे वाढवीत नऊ तासांवर आलो. अकाली जन्मलेल्या बाळाचे दूध जसे मिलिलिटरने वाढवावे, तसे. दुसऱ्या चामडी प्रवाळाने दोन महिन्यांनी वरची कात टाकली आणि पुन्हा बोटे उघडली. त्या दिवशी घरात पेढे आले, अर्थातच धारवाडचे.

एक निरीक्षण, एक जुगाड

फोटोथेरपीचा उगमही अशाच निरीक्षणात आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड या परिचारिका अकाली जन्मलेल्या बाळांना उन्हात नेत. एका बाळाचे अंग उन्हाने फिके झाले होते, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा पिवळा राहिला होता. तेथेच, खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कमी आढळले. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या नळ्या लावून पाळण्यावर ठेवण्याचे यंत्र घडविले आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये शोधनिबंध लिहिला. म्हणजे मूळचा तो दिवाही हाताने जुळविलेलाच होता. फरक एवढाच की, त्यांनी उजेडाची प्रशंसा केली नाही, बिलिरुबिन मोजले.

आजही आपल्या भागात "बाळाला कोवळ्या उन्हात धरा, कावीळ उतरेल" हा सल्ला दिला जातो, आणि कधी कधी आपणच देतो. उन्हात निळा प्रकाश असतो हे खरेच. नायजेरियात अतिनील व अवरक्त किरण गाळणाऱ्या पडद्याखाली ऊन वापरून केलेला उपचार परिणामकारक ठरल्याचे २०१५ साली प्रसिद्धही झाले आहे. पण तेथे प्रकाश मोजला जात होता, बाळाचे तापमान पाहिले जात होते आणि रक्त तपासले जात होते. आपल्या खिडकीतले ऊन कोण मोजतो? त्या उन्हाच्या भरवशावर गेलेले दोन दिवस मेंदूला आणि कानांना कायमचे महाग पडू शकतात. तीव्र फोटोथेरपीसाठी प्रति चौरस सेंटिमीटर, प्रति नॅनोमीटर किमान ३० मायक्रोवॅट प्रकाश बाळाच्या त्वचेवर पडला पाहिजे, हा अमेरिकन बालरोग अकादमीचा निकष २००४ च्या मार्गदर्शनात होता आणि २०२२ च्या सुधारित मार्गदर्शनातही कायम आहे. आपल्या पाळणाघरातील दिवा तेवढा प्रकाश देतो काय, हे दिव्याकडे पाहून सांगता येत नाही.

म्हणून माझ्या सर्व व्यवसायबंधूंना आणि भगिनींना नम्र विनंती आहे. आपल्याकडे एलईडीचे नवे यंत्र असले तरी त्याचा प्रकाश ठरावीक दिवशी मोजा, बाळापासूनचे अंतर मोजा आणि ते आकडे लिहून ठेवा. रेडिओमीटर स्वतःचा नसल्यास चार जणांनी मिळून एक घ्यावा. त्यासाठी आपल्या मंडळाने पुढाकार घेतल्यास पहिली वर्गणी माझी. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांनी बाळ पिवळे दिसू लागताच खिडकीकडे न जाता डॉक्टरांकडे यावे.

माझ्या टाकीशेजारी एक साधी दोनशे पानी वही असते. तारीख, तापमान, क्षारता आणि प्रकाश असे चार रकाने तिच्यात आखलेले आहेत. दवाखान्यात फोटोथेरपीच्या यंत्राला तशीच दुसरी वही दोरीने बांधलेली आहे. रात्री दहाला टाकीवरची निळी माळ विझते, तेव्हा मी पहिल्या वहीत नोंद करतो आणि दुसऱ्या वहीत आज नोंद झाली काय, हे दूरध्वनीवर विचारतो. परिचारिकांना आता त्याची सवय झाली आहे. मी विचारण्यापूर्वीच त्या आकडा सांगतात.